पन्नास वर्षांनी एक दुरुस्ती

परवा श्रीवर्धनहून एक पुडकं आलं. उघडलं तर आत सुपाऱ्या. मूठभरच. सोबत वहीच्या कागदावर चार ओळी, की बाई, वादळानंतर लावलेल्या पोफळींना पहिली फळं धरली, म्हणून तुम्हाला पाठवतोय.

पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. १९७४ साली तो आठवीत होता आणि मी नोकरीत नवीन होते. आता तोही आजोबा झालाय. पण मला अजून "बाई"च म्हणतो. सुपाऱ्या हातात घेतल्या आणि एक जुनी बोच पुन्हा वर आली. तीच आज लिहून काढायची आहे.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारच्या सुमारास रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा. मुंबई वाचली म्हणून टीव्हीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. टाळेबंदीचे दिवस, त्यात वीज नाही, फोन नाही. पंधरा-वीस दिवसांनी याचा फोन लागला. आजोबांच्या हातची वाडी गेली म्हणाला. घराची कौलं गेली. माणसं सुखरूप आहेत म्हणाला. मी काय बोलणार? आणि मग तो एकदम हसला आणि म्हणाला, "बाई, ते विमान काही आलं नाही हो!"

मला क्षणभर कळेना. मग त्यानेच आठवण करून दिली. आठवीच्या वर्गात भूगोल शिकवताना मी सांगितलं होतं की अमेरिकेतले शास्त्रज्ञ विमानातून वादळावर औषध फवारतात आणि वादळाचा जोर तिसऱ्या हिश्श्याने कमी करतात. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा वादळ आलं की विमान येईल आणि ते विझवून टाकेल, चुलीतला जाळ विझवावा तसं!

खरंच सांगितलं होतं मी. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि फळ्यावर चित्र काढून मोठ्या उत्साहात सांगितलं होतं. चंद्रावर माणूस उतरून पाच वर्षं झाली होती. माणसाला काय अशक्य आहे, असं वाटण्याचा तो काळ.

त्या पोराने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच हसू आलं होतं. पण फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. इतकी वर्षं मुलांना इतिहास आणि भूगोल शिकवला. त्यातलं किती असं अर्धवट होतं? मग नातवाला हाताशी धरलं. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचते पण शब्दकोश मांडीवर घेऊन. तो शोधून द्यायचा, मी हळूहळू वाचायची. त्यातून जी हकिकत हाती आली ती सांगते. मोठी गमतीची आहे, आणि शहाणपणाचीही.

गोष्ट सुरू होते १९४६ मध्ये. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युअर नावाचे नोबेल मिळालेले रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांना त्या वर्षी असं दिसलं की शून्याच्या खाली गेलेल्या, पण अजून न गोठलेल्या ढगात सुका बर्फ टाकला की क्षणात असंख्य हिमकण तयार होतात. (सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड.) त्यांचेच दुसरे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी त्याच वर्षी शोधलं की सिल्व्हर आयोडाइडनेही तेच होतं. झालं! ढग माणसाच्या मुठीत आले असं सगळ्यांना वाटू लागलं.

लगेच पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९४७ ला, लष्कराच्या मदतीने एका खऱ्याखुऱ्या हरिकेनवर प्रयोग झाला. (अटलांटिकमधल्या चक्रीवादळाला तिकडे हरिकेन म्हणतात.) ते वादळ फ्लोरिडा ओलांडून समुद्रात, किनाऱ्यापासून दूर चाललं होतं. विमानाने त्यात सुमारे ८० किलो सुक्या बर्फाचा चुरा टाकला. आणि मग त्या वादळाने काय करावं? ते वळलं, उलटं पश्चिमेकडे आलं आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरावर जाऊन धडकलं!

लोक खवळले. कोर्टात खेचण्याच्या धमक्या आल्या. गंमत म्हणजे लँगम्युअर स्वतःच छातीठोकपणे सांगत होते की वादळ आमच्यामुळेच वळलं. पुढे नीट तपासल्यावर दिसलं की विमान पोचण्याआधीच वादळ वळायला लागलं होतं. शिवाय १९०६ मध्येही एक वादळ, कोणी हात न लावता, साधारण त्याच वाटेने गेलं होतं. पण हे कळेपर्यंत व्हायचं ते नाव खराब झालं होतं. पुढची कितीतरी वर्षं वादळाला हात लावायला कोणी धजेना.

इथेच या सगळ्या उद्योगातली खरी गोम आहे. वादळ कुठे जाणार होतं हे जर आपल्याला नक्की सांगता येत नसेल, तर आपल्यामुळे ते कुठे गेलं हे कसं सांगणार? आणि ज्याचं घर पडलं त्याला काय उत्तर देणार?

१९५४ आणि १९५५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एकापाठोपाठ एक भयंकर हरिकेन आली, तेव्हा सरकारने पुन्हा पैसे काढले. रॉबर्ट सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने संशोधन सुरू झालं. १६ सप्टेंबर १९६१ ला एस्थर नावाच्या हरिकेनमध्ये सिल्व्हर आयोडाइड टाकलं गेलं. वारा सुमारे १० टक्क्यांनी मंदावला. दुसऱ्या दिवशी नेम चुकला, औषध भलतीकडे पडलं आणि वाऱ्यात फरक पडला नाही. वा! औषध लागलं तर गुण, नाही लागलं तर नाही. याहून चांगला पुरावा कोणता? १९६२ मध्ये 'स्टॉर्मफ्युरी' नावाचा प्रकल्पच सुरू झाला.

त्यामागची कल्पना समजायला सोपी आहे. हरिकेनच्या मधोमध शांत डोळा असतो आणि त्याभोवती ढगांची भिंत. सगळ्यात जोरात वारा त्या भिंतीत. भिंतीच्या जरा बाहेर औषध टाकून तिथलं पाणी गोठवलं, तर गोठताना उष्णता बाहेर पडेल, तिथे ढग वाढतील आणि दुसरी, मोठ्या घेराची भिंत तयार होईल. जुनी भिंत विरेल. घेर वाढला की वारा मंदावेल. गिरकी घेणाऱ्या मुलीने हात पसरले की तिची गिरकी मंदावते, तसंच.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये डेबी नावाच्या हरिकेनवर दोन वेगवेगळ्या दिवशी फवारणी झाली. त्यात एका दिवशी वारा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाला. मी मासिकात वाचलं ते हेच असणार! माझा "तिसरा हिस्सा" इथून आला होता. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. पण पुढचं मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं.

१९४७ च्या धड्यामुळे स्टॉर्मफ्युरीने स्वतःला एक कडक नियम घालून घेतला होता. पुढच्या २४ तासांत वस्तीजवळ येण्याची शक्यता १० टक्क्यांहून कमी असेल अशाच हरिकेनला हात लावायचा. त्यामुळे २१ वर्षांच्या प्रकल्पात प्रयोग झाले ते फक्त चार हरिकेनवर, सगळे मिळून आठ दिवस. तरीही आळ यायचा तो आलाच. १९६५ मध्ये बेट्सी हरिकेनवर फवारणी करायचं ठरलं होतं, पण आयत्या वेळी रद्द झालं. ही बातमी वर्तमानपत्रांपर्यंत वेळेवर पोचलीच नाही. 'फवारणी झाली' असं छापून आलं, आणि नेमकी बेट्सी वळून फ्लोरिडावर आली. न केलेल्या प्रयोगाचं खापर डोक्यावर! मग पॅसिफिकमध्ये प्रयोग करावेत असा विचार झाला, तर चीन नाराज. वळून आमच्याकडे आलं तर? आणि जपानने सांगितलं की टायफून आम्ही सोसू, पण आमचा बराचसा पाऊस त्यांच्यातूनच येतो, तो घालवू नका.

जपानचं हे उत्तर मला फार आवडलं. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला ते लगेच कळेल. संकट आणि पाणी एकाच ढगातून येतात.

शेवटी या प्रकल्पाला हरवलं ते कोर्टाने नाही आणि चीननेही नाही. त्याला हरवलं निरीक्षणाने. विमानं आणि उपकरणं सुधारली तसं दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे हरिकेनच्या ढगांत न गोठलेलं थंड पाणी फारच थोडं असतं. तिथे आधीच भरपूर नैसर्गिक बर्फ असतो. म्हणजे औषधाला कामच नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जुनी भिंत विरून बाहेर नवी मोठी भिंत तयार होणं आणि वारा मंदावणं, हे जोरदार हरिकेनमध्ये आपोआपच होत असतं, कोणी काही फवारलेलं नसतानाही. म्हणजे डेबीचा वारा कमी झाला तो बहुधा तिचा तीच झाला. तापाची चढ-उतार आपली आपण होते आणि आपण गुण पुडीला देतो, त्यातला प्रकार.

१९८३ मध्ये प्रकल्प बंद झाला. १९८५ मध्ये ह्यू विलोबी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या प्रकल्पाचा इतिहास छापला आणि आपली कल्पना का चालली नाही ते स्पष्ट लिहिलं. आपल्याच संस्थेच्या वीस वर्षांच्या कामाबद्दल! हे वाचताना मी शब्दकोश बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

हे झालं वरून औषध टाकण्याचं. पण माणूस गप्प बसतो का? दूध उतू जायला लागलं की आपण दोन गोष्टी करतो. वरून फुंकर घालतो किंवा खालचा जाळ कमी करतो. फुंकर फसली, तेव्हा लोकांचं लक्ष जाळाकडे वळलं.

वादळाचा जाळ म्हणजे समुद्राचं कोमट पाणी. साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम पाणी असलं की वादळ पोसलं जातं. त्या पाण्याची वाफ वर जाते, वर तिचं पुन्हा पाणी होतं, तेव्हा उष्णता सुटते आणि तिच्यावर हे सगळं राक्षसी चाक फिरतं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना मेक्सिकोच्या आखातातल्या खोलवर गरम पाण्यावरून गेली आणि बघता बघता पाचव्या श्रेणीला पोचली. मग पाणीच गार केलं तर? खाली खोल समुद्रात थंडगार पाणी आहेच. तेच वर आणायचं.

वेडगळ वाटतं, पण निसर्ग स्वतः हे करतो. वादळ समुद्र घुसळतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याच्या मागे गार पाण्याचा पट्टा उरतो. एकाच जागी रेंगाळणारं वादळ असं स्वतःचाच जाळ विझवून घेतं.

२००९ मध्ये बिल गेट्स आणि त्यांच्यासोबतच्या काही शास्त्रज्ञांचे पेटंटचे अर्ज जाहीर झाले. वादळाच्या वाटेत तराफ्यांसारख्या नौका उभ्या करायच्या, गरम पाणी नळाने खाली सोडायचं आणि खालचं थंड पाणी वर आणायचं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठाचे स्टीफन सॉल्टर यांनी जुन्या टायरांचं मोठं तरंगतं कडं आणि त्याखाली लांब नळा अशी रचना सुचवली. लाटा कड्यावरून आत येतील आणि गरम पाणी आपोआप खाली ढकललं जाईल, पंप नको की डिझेल नको. नॉर्वेत पाणबुडीवर काम केलेल्या ओलाव्ह हॉलिंगसेटर यांनी बुडबुड्यांची कल्पना मांडली. भोकं पाडलेल्या नळीतून खोलवर हवा सोडायची, बुडबुडे वर येताना थंड पाणी घेऊन येतील. नॉर्वेत ही युक्ती उलट कामासाठी वापरतात. हिवाळ्यात तळाचं जरा उबदार पाणी वर आणून खाड्या गोठू देत नाहीत.

युक्त्या सगळ्या हुशारीच्या. पण किती पाणी गार करायचं? २०२२ मध्ये मायामी विद्यापीठाच्या जेम्स लिविॲक आणि डेव्हिड नोलन यांनी संगणकावर हा हिशोब मांडला. २,६०,००० चौरस किलोमीटर समुद्र, म्हणजे २१,००० घन किलोमीटर पाणी, २ अंशांनी गार केलं तर हरिकेन किती मवाळ होईल? फक्त १५ टक्के! आणि त्यासाठी समुद्रातून जी ऊर्जा काढावी लागेल ती अमेरिकेने २०१९ सालभरात वापरलेल्या ऊर्जेहूनही जास्त.

आकडे मोठे झाले की डोक्यात शिरत नाहीत, म्हणून मी आपला घरगुती हिशोब केला. आपलं कोयना धरण भरतं तेव्हा त्यात सुमारे ३ घन किलोमीटर पाणी असतं. म्हणजे सात हजार कोयना धरणं गार करायची! आणि पसरायची जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढ्या जागेवर. तेही वादळ नेमकं कुठून जाणार ते आधी ओळखून. वादळ त्या गार पट्ट्यावर थांबून थोडंच राहणार आहे? ते पुढे निघून जाणार. आणि वाट चुकली तर सगळी मेहनत समुद्रात.

असंही सुचवलं गेलं होतं की अणुबॉम्ब टाका. त्यावर अमेरिकेच्या हवामानखात्याने कायमचं उत्तर लिहून ठेवलं आहे. पूर्ण जोरातलं हरिकेन दर वीस मिनिटांनी दहा मेगाटनचा एक बॉम्ब फुटावा इतकी उष्णता सोडत असतं. त्याला आपल्या एका बॉम्बची काय मातब्बरी!

मग इतकी वर्षं, इतका पैसा, सगळं वाया गेलं का? इथेच मला गोष्टीचं खरं मर्म सापडलं.

स्टॉर्मफ्युरीसाठी १९७० च्या दशकात दोन मजबूत विमानं घेतली होती. प्रकल्प बुडाला, विमानं उरली. ती वादळात शिरून वारा, दाब, तापमान मोजू लागली. वादळ विझवायला घेतलेली विमानं वादळ ओळखायच्या कामी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लोरिडाकडे निघालेल्या मिल्टन हरिकेनमध्ये ती शिरली होती, पन्नाशीच्या जवळ आलेली! त्याच वेळी त्या संस्थेचे दिवंगत शास्त्रज्ञ पीटर डॉज यांच्या अस्थी वादळाच्या डोळ्यात विसर्जित केल्या गेल्या. हयातीत ते ३८६ वेळा वादळांच्या डोळ्यात जाऊन आले होते, ही ३८७ वी खेप. वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे अस्थी गंगेत, त्यांच्या वादळात.

वादळ ओळखण्याची किंमत काय ते आपल्याच देशात बघा. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं. या वेळी आधीच दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली होती. मृत्यू पन्नासच्या आत. वादळ कोणी विझवलं नव्हतं. वादळ यायचं ते आलंच, माणसं तिथे नव्हती. इशारे, निवारे, गावोगावची तयारी, यांनी ते झालं. २०२० मध्ये श्रीवर्धनलाही माणसं आधी हलवली होती. माझा विद्यार्थी "माणसं सुखरूप आहेत" म्हणाला ते त्यामुळेच.

वाडी मात्र हलवता येत नाही. तेवढं दुःख उरतंच, आणि म्हणूनच प्रयत्न करणाऱ्यांना मी हसणार नाही. आता जपान, तोच जपान ज्याने एकेकाळी नको म्हटलं होतं, २०५० पर्यंत हवामानाच्या रौद्र रूपावर ताबा मिळवण्याचं ध्येय ठेवून संशोधन करतो आहे. करू देत. पण सात हजार कोयनांचा हिशोब आणि सव्हानाचं ते वळलेलं वादळ आता मी विसरणार नाही.

असो. सुपाऱ्यांची पोच द्यायला परवा त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, मी तुम्हाला आठवीत चुकीचं सांगितलं होतं." आणि ही सगळी कथा ऐकवली. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "बाई, विमान आलं नाही ते बरंच झालं म्हणायचं. आमच्याकडून वळवून ते कोणाच्या वाडीवर सोडलं असतंत?"

पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न त्याने वर्गात विचारला असता, तर मी नक्की "गप्प बस" म्हणाले असते. या वेळी म्हटलं, "शाबास."

त्या वर्गातली बाकीची मुलं कुठे कुठे आहेत, मला माहीत नाही. कोणाच्या नजरेला हे पडलं तर कळवा त्यांना. म्हणावं, बाईंनी दुरुस्ती सांगितली आहे, वहीत करून घ्या.